मिग-२१ ची चांदी राखेसारखी का दिसायली? (एअरब्रश, मेटॅलिक रंग आणि परभणीचा उन्हाळा)

पूर्णाकाठ | १४ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचत होतो, आज अडलंय म्हणून लिहायलोय.

मी परभणीचा. प्लास्टिकची स्केल मॉडेल्स जोडायचा नाद सहा-सात वर्षांपासून, पण आजवर सगळे रणगाडे आणि लष्करी ट्रक. तिथं रंग मातकट झाला तर उलट शाबासकी मिळते. २०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला आपल्या हवाई दलाची शेवटची मिग-२१ लढाऊ विमानं निवृत्त झाली तेव्हा ठरवलं, एक मिग करायचीच. तीही जुन्या काळातली, उघड्या धातूची, मिग-२१ एफएल या प्रकारातली. किट १/४८ चा, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढा. जोडणी झकास झाली (असं तेव्हा वाटत होतं).

मग राखाडी प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारला, एक तास थांबलो, वरून लॅकरचा अ‍ॅल्युमिनियम. एअरब्रशला (दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेन) ०.३ मिमीची नोझल, हवेचा दाब २५ पीएसआय, साधारण वीतभर अंतर. वेळ दुपारी तीनची, गच्चीवरची खोली, बाहेर ४२. दोन हात झाले, चमक नाही. चार झाले, नाही. सहाव्या हाताला चांदी जाऊन चुलीतली राख झाली. बोट फिरवलं तर पॉलिश पेपर. वरून डाव्या पंखावर मोहरीएवढे गोल गोल डाग.

रंगाची बाटली नवीच आहे. ओळखीचे एक जण म्हणतात एअरब्रश बदला. एवढ्यात तर शक्य नाही. चार फोटो जोडलेत. काय चुकलं?

बीडचा_बाप्पा | १५ मे, सकाळी ७:०५

फोटो बघितले. बाप्पा, ही मिग नाही, परळीहून राख घेऊन निघालेलं बल्कर आहे.

(राग मानू नका. मला उत्तर येत नाही, जागा धरून ठेवतो.)

लातूर_पॅटर्न | १५ मे, सकाळी ९:३०

सोपं आहे. मॉडेलचे रंग महागडे आणि नाजूक. गॅरेजवाल्याकडून कारचा सिल्व्हर बेस कोट शंभर मिली आणा, वर २के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं पारदर्शक वार्निश). मी माझ्या १/२४ च्या कारला तेच केलं, आरसा झाला. आणि नोझल ०.५ ची घ्या, मेटॅलिक कण ०.३ मध्ये अडकतात.

वाळूज_रंगखाना | १५ मे, रात्री १०:१५

पूर्णाकाठ, एअरब्रश बदलू नका. रंगही बरा आहे. तुमच्या फोटोंत दोन वेगवेगळे आजार आहेत आणि तुम्ही दोन्हींना एकच समजताय.

पोट भरायला मी वाळूजला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये आहे, दुचाकीच्या भागांवर मेटॅलिक मारतो. मॉडेलं हा घरचा छंद. त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिला आजार: ड्राय स्प्रे. मेटॅलिक रंगात रंगद्रव्य म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे चपटे कण असतात, आम्ही फ्लेक म्हणतो. पोहे डोळ्यांसमोर आणा. चमक कधी येते? हे पोहे पृष्ठभागावर आडवे, एकमेकांशेजारी निजतात तेव्हा. सगळे एकाच दिशेला उजेड फेकतात. त्यांना निजायला वेळ लागतो, आणि तो वेळ थिनर देतो. रंगाचा थेंब ओला असतानाच प्लास्टिकला टेकला पाहिजे. तुम्ही ४२ अंशांत वीतभरावरून २५ पीएसआयने फवारलंत. थेंब वाटेतच सुकला. पोचले ते कोरडे कण, जसे पडले तसे चिकटले: उभे, आडवे, तिरके. उजेड दहा दिशांना गेला. डोळ्याला ते राखाडी दिसतं आणि बोटाला पॉलिश पेपर लागतं. त्यावर आणखी हात म्हणजे राखेवर राख. चमक नाही म्हणून अजून मारायचं, ही या रंगातली सगळ्यात महाग चूक.

उपाय: दाब १२ ते १५ पीएसआय, म्हणजे जवळपास १ बार. अंतर ५ ते ७ सेंटिमीटर. चार बोटं समजा, वीत नाही. ट्रिगर अगदी थोडा मागे, हात मात्र चालता. दोन हातांमध्ये एखादं मिनिट थांबा. आणि लेव्हलिंग थिनर वापरा, ज्यात रिटार्डर असतो, म्हणजे रंग उशिरा सुकतो. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठेवा, मॉडेलवर नको. तो पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक, खातो.

दुसरा आजार ते गोल डाग. तुमच्या तिसऱ्या फोटोत कॉम्प्रेसरच्या मागे कूलरची जाळी दिसतेय. कूलर चालू होता ना?

पूर्णाकाठ | १५ मे, रात्री १०:३२

होता. मेमध्ये कूलर बंद करून त्या खोलीत बसलो तर मीच वितळून जाईन. पण त्याचा डागांशी काय संबंध?

वाळूज_रंगखाना | १५ मे, रात्री १०:५०

कॉम्प्रेसर हवा ओढतोय कूलरच्या तोंडासमोरची, म्हणजे ओलसर. हवा दाबली की तिच्यात वाफ कमी मावते. टाकीतून निघताना ती गरम असते म्हणून लगेच कळत नाही, पुढे नळीत गार होते आणि पाणी सुटतं. तेच थेंब नोझलमधून पंखावर. लॅकर आणि पाणी, बाकी काही सांगायला नको. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) असेल तर त्याची वाटी रिकामी करा, टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून बघा. अर्धी वाटी पाणी निघालं तरी नवल वाटून घेऊ नका.

पूर्णाकाठ | १५ मे, रात्री ११:२०

आत्ता उघडला. तांबूस पाणी. फरशीवर तळं झालंय, आई उठली.

बीडचा_बाप्पा | १५ मे, रात्री ११:२६

इकडं हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघायलोत आणि तुमच्या कॉम्प्रेसरला झरे फुटलेत.

वाळूज_रंगखाना | १६ मे, सकाळी ६:१०

लातूर_पॅटर्न, तुमची १/२४ ची कार चांगलीच झाली असणार, पण विमानाला तो सल्ला नको. गाडीच्या सिल्व्हरमधला फ्लेक समजा २० मायक्रॉनचा. १/४८ मध्ये त्याला ४८ ने गुणा, जवळपास १ मिलिमीटर होतो. म्हणजे खऱ्या विमानाच्या अंगावर मिलिमीटरभराची टिकली चिकटवल्यासारखं. मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, मॉडेलवर १५ सेंटिमीटरही भरत नाही. एवढ्याशा पंखावर ती चकमक लगेच खटकते. मॉडेलसाठीच्या मेटॅलिकमध्ये कण खूप बारीक दळलेले असतात, आपण पैसे त्याचे मोजतो. ते ०.३ मधून आरामात जातात, फक्त बाटली नीट हलवा आणि कपमध्येही मधूनमधून ढवळा, कण तळाला बसतात.

आणि २के बद्दल कळकळीने सांगतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कारखान्यात आम्ही बाहेरून हवा येणारा मास्क लावून ते मारतो. घरात, तोंडाला रुमाल बांधून, शेजारी लहान मुलं, असलं करू नका. साध्या लॅकरलाही ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि उघडी खिडकी पाहिजेच. खिडकीखाली गॅस किंवा समई नको.

लातूर_पॅटर्न | १६ मे, सकाळी १०:००

कणांचं गणित पटलं. २के मी रुमाल बांधूनच मारला होता, हेही आता कबूल करतो. नोझलवर मात्र अजून वाद घालता येईल.

गोदाकाठची | १६ मे, दुपारी १:१५

नांदेडहून. रंगखाना दादांनी फवारणी सांगितली, पण खालच्या थराकडे कोणीच आलं नाही. पूर्णाकाठ, तुमचा पहिला फोटो मोठा करून बघितला. प्रायमरच मुळात खरखरीत आहे. मेटॅलिक लॅकरचा थर इतका पातळ असतो की तो काही झाकत नाही, उलट चाडी करतो. सांध्यावरची फाइलची ओरखड, बोटाचा ठसा, डिंकाचा डाग, सगळं सांगतो. हिरव्या रणगाड्याखाली जे खपतं ते इथं खपत नाही.

म्हणून आधी प्लास्टिक भांड्याच्या साबणाने धुवा. प्रायमर सुकला की २००० च्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा. मग चकचकीत काळा, पातळ पातळ थरांनी. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेघेत दिसलं पाहिजे. रेघ थरथरली तर वरची चांदीही थरथरणार. काळा का? फ्लेकांच्या फटींतून उजेड खाली जातो. खाली राखाडी किंवा पांढरं असेल तर तो परत फिरून येतो आणि सगळं चुन्यासारखं फिकट करतो. काळा तो उजेड गिळतो, मग फ्लेकांनी परतवलेला तेवढाच उरतो.

आपल्या भागात हे कोणाला नवीन वाटू नये. बिदरीची सुरई बघा. जस्त-तांब्याचा मिश्रधातू मातीने काळाभोर करतात, म्हणून तर त्यातली चांदीची तार अशी उठून दिसते. तीच तार पितळी तांब्यावर बसवली असती तर कोणी ढुंकून बघितलं नसतं. (तंत्र वेगळं आहे, माहीत आहे. डोळा तोच.)

काळा थर किमान एक दिवस सुकू द्या, इनॅमल असेल तर आठवडा. माझी कसोटी नाकाची. वास येतोय तोवर हात लावायचा नाही.

आणि कृपा करून मिगवर प्रयोग नको. लग्नातले प्लास्टिकचे चमचे जमवा. चमच्याची पाठ विमानाच्या अंगासारखीच फुगीर असते.

पूर्णाकाठ | १६ मे, रात्री ९:४५

ताई, राखाडीवर मेटॅलिक मारलेले फोटो मी खूप पाहिलेत. म्हणजे काळा लागतोच असं नाही ना?

गोदाकाठची | १६ मे, रात्री १०:२०

शेडवर आहे. अ‍ॅल्क्लॅड या मेटॅलिक रंगांच्या ब्रँडचं उदाहरण घ्या. क्रोम, पॉलिश्ड अ‍ॅल्युमिनियम असल्या झगझगीत शेडना चकचकीत काळा लागतोच. साधा अ‍ॅल्युमिनियम किंवा ड्युरॅल्युमिनियम गुळगुळीत राखाडीवरही चालतो, फक्त मवाळ दिसतो. ‘गुळगुळीत’ हा शब्द विसरू नका, तुमचा तिथंच घात झाला.

वर्ख_आणि_पेढे | १७ मे, सकाळी ८:५०

चांदीचा वर्ख लावून बघितलाय का कोणी? मनापासून विचारतोय.

बीडचा_बाप्पा | १७ मे, सकाळी ९:१०

लावा आणि पारण्याला खाऊन टाका.

वाळूज_रंगखाना | १७ मे, रात्री ९:००

हसण्यावारी नेऊ नका, पातळ फॉइल चिकटवून मॉडेल करणारे लोक आहेत आणि त्यांच्या कामापुढे आपला एअरब्रश फिका पडतो. पण एकेक पॅनल कापून बसवायचं, महिना जातो. खाण्याचा वर्ख मात्र हात लावला की फाटतो, पेढ्यावरच शोभतो.

जुना_एअरमन | १८ मे, सायंकाळी ५:३०

उशिरा आलो. सत्तरच्या दशकात मिग-२१ वर एअरफ्रेमचं काम केलेला माणूस आहे, आता अंबाजोगाईला निवांत. तुमचं रंगाचं तंत्र मला कळत नाही, पण एक विचारतो. तुम्ही सगळे चमक चमक म्हणताय, ती खरी मिग तुमच्यापैकी किती जणांनी जवळून बघितली?

ती आरसा नव्हती. नवी होती तेव्हाही नव्हती. ओझरच्या कारखान्यातून आलेलं विमानसुद्धा उन्हात उभं केलं की एका रंगाचं दिसत नसे. एक पॅनल उजळ, शेजारचं मळकट, तिसऱ्यात निळसर झाक. पत्र्याची जाडी वेगळी, मिश्रधातू वेगळा, लाटताना पडलेल्या रेषांची दिशा वेगळी. सारखी उघडली जाणारी झाकणं हातांनी आणि स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडलेली. शेपटाकडे, इंजिनच्या नोझलजवळ, धातू तापून पिवळसर-तपकिरी पडायचा. पायलट चढतो तिथं बुटांचे मळ. एफएलला आतली तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-९ गनपॉड (तोफेची पेटी) टांगत. तो लावणार असाल तर त्याच्या मागच्या पोटावर धुराचं काजळ.

नाकाचा शंकू आणि उभ्या शेपटाचं टोक यांना चांदी लावू नका. ते धातूचं नाहीच, मागे रडार आणि अँटेना असतात, धातूमधून लहरी जाणार कशा? किटच्या पेटीवरचं चित्र बघून लोक इथं हमखास चुकतात.

आणि कुठलं वर्ष दाखवायचं ते आधी ठरवा. १९७१ च्या सुमारास बऱ्याच विमानांवर घाईघाईत हिरवा-मातकट रंग चढला होता.

पूर्णाकाठ | १८ मे, रात्री ८:१५

काका, नमस्कार. हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. साठच्या दशकाची अखेर ठरवतो, म्हणजे रंगाच्या कटकटीतून सुटलो. पण पॅनल वेगळी दाखवायची कशी? एकाच बाटलीतून?

वाळूज_रंगखाना | १८ मे, रात्री ९:४०

काका, तुमच्या पोस्टीची वही करून ठेवावी अशी आहे.

पूर्णाकाठ, मुख्य रंग अ‍ॅल्युमिनियम ठेवा. मग निवडक पॅनलांभोवती टेप लावून ड्युरॅल्युमिनियम किंवा गडद शेडचा एकच पातळ हात. किंवा आणखी सोपं, काळ्यावर काही ठिकाणी चांदीचा एक हात कमी द्या. तेवढ्यानेही पॅनल वेगळं पडतं. टेप आधी तळहाताला दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारा, काढताना उलट्या दिशेने, पृष्ठभागाला लगटून ओढा. आणि टेप लावायच्या आधी पूर्ण एक दिवस थांबा. मेटॅलिकची पकड नाजूक असते.

नोझलच्या तापलेल्या भागाला तामिया कंपनीचे पारदर्शक रंग: एक्स-१९ स्मोक, एक्स-२६ नारिंगी, एक्स-२३ निळा, अगदी पाणीदार करून, याच क्रमाने बाहेरून आत. निळ्याचा मोह आवरा. नाहीतर विमान नाही, सायलेन्सर दिसेल.

अमेरिकन पी-५१ मस्टँग करणाऱ्यांसाठी जाता जाता: तिचे पंख बहुतांशी उघडे नव्हतेच. सांधे लुकण भरून गुळगुळीत केलेले आणि वर चांदीचा रंग. म्हणून अंग धातूचं आणि पंख मात्र एकसारखे, रंगवलेले दिसतात. इथं ड्राय स्प्रेवाल्यांची थोडी चूक खपून जाते.

लातूर_पॅटर्न | १९ मे, सकाळी ९:२०

आणि वरून वार्निश? माझा ‘आरसा’ क्लिअरनेच आला होता.

गोदाकाठची | १९ मे, सकाळी ११:००

कारच्या रंगाचं तसंच असतं, चमक क्लिअरची. इथं उलटं. क्रोमसारख्या शेडवर वार्निश मारलं की क्रोमचा साधा चंदेरी रंग होतो. लावायचंच तर सगळीकडे सारखं लावा. डिकलभोवती (किटमधली चिकटवायची चिन्हं) तेवढंच लावलं की ठिगळ दिसतं. डिकलची पारदर्शक किनार ब्लेडने चक्राच्या अगदी कडेपर्यंत कापून टाका, चांदीवर तीच पहिली दिसते.

पूर्णाकाठ | ३१ मे, सकाळी ७:३०

हालहवाल. जुना थर काढायला थिनर वापरायचं धाडस झालं नाही. पाणी लावून २००० च्या पेपरने घासला, तीन संध्याकाळी गेल्या. पॅनलच्या काही रेघा बुजल्या, त्या सुईने परत कोरल्या. दोन वाकड्या गेल्यात, सांगणार नाही कुठं.

नवा दिनक्रम: पहाटे साडेपाच. कूलर बंद, खिडकी उघडी, खोलीत २८. वाऱ्याची झुळूकही नसते आणि लाइट सहसा जात नाही. कॉम्प्रेसर जिन्यात, नळी लांब. १४ पीएसआय, चार बोटं. सातच्या आत सगळं आटोपायचं, कारण त्यानंतर थिनर उडताना डोळ्याला दिसतो.

मामेभावाच्या लग्नातून चौदा चमचे आणले. नऊ वाया गेले. दहावा चमचा काळ्यावर तीन हातांत असा उजळला की मी रंग द्यायचा थांबून नुसता बघत बसलो. चौथा हात दिला आणि तो परत मंद झाला! म्हणजे थांबायचं कुठं तेही शिकावं लागतं.

वाळूज_रंगखाना | ३१ मे, सकाळी ८:०५

ते कळलं म्हणजे अर्धं काम झालं. आता पाऊस पडायच्या आत उरका. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय येते, मग पुन्हा इथं रडायला येशील.

बीडचा_बाप्पा | ४ जून, रात्री १०:४५

माझ्याकडे एअरब्रश नाही, कॉम्प्रेसर नाही, आणि सध्या बजेटही नाही. पण तुमचं वाचून हात शिवशिवायला लागले. देवगिरीवरच्या मेंढा तोफेची छोटी प्रतिकृती केलीय, लाकूड आणि पुठ्ठा. कुंचल्याने मॅट काळा दिला आणि त्यावर ६बी पेन्सिलीची पूड बोटाने घासली. मायला, लोखंड झालं! फोटो टाकतो.

गोदाकाठची | ५ जून, सकाळी ७:२०

बाप्पा, बेष्ट! ग्रॅफाइटचे कणही पोह्यांसारखे चपटेच असतात आणि बोटाने तुम्ही ते आडवे निजवलेत. नकळत रंगखाना दादांचा धडा गिरवलात. फक्त मूळ तोफ लोखंडी नाही, पंचधातूची म्हणतात. पेन्सिलीवर तपकिरी पारदर्शक रंगाचा एक हात द्या. आणि मेंढ्याच्या शिंगांवर पूड कमी पडलीय.

पूर्णाकाठ | ९ जुलै, रात्री ९:००

झाली. पाऊस आधी आला, शेवटचे दोन पॅनल अडकले, उघडीप मिळाली त्या दिवशी पहाटे उरकले. फोटो सहा. उजव्या पंखाच्या मुळाशी थोडा ड्राय स्प्रे राहिलाय, काकांना विचारून तसाच ठेवलाय. ते म्हणाले, “तिथंच आम्ही पाय द्यायचो.”

शेवटच्या फोटोत चमचे ओळीने मांडलेत, दांडे कागदाखाली. सगळ्यात चांगली चांदी कुठली वाटते सांगा, पुढच्या मॉडेलला तीच वापरतो.

लातूर_पॅटर्न | ९ जुलै, रात्री ९:१५

मिग एक नंबर! चमचा क्र. १२.

गोदाकाठची | ९ जुलै, रात्री ९:४०

१२ च. शेपटाचा पिवळेपणा फार छान जमलाय.

वाळूज_रंगखाना | ९ जुलै, रात्री १०:१०

१२ किंवा १३. क्र. ७ कशाचा आहे? त्यात काळा बेस नीट बसलेला नाही, चमक खोटी वाटते आणि बारीक ओरखडेही दिसतायत.

पूर्णाकाठ | ९ जुलै, रात्री १०:१२

७ वर रंगच नाही दादा. तो आईचा आमटीचा स्टीलचा चमचा आहे.